संपतच्या गाडीतला लाल दिवा

ब्रेकचा लाल दिवा लागला की माणसं दोन तऱ्हेनं वागतात. काही जण गाडी जागेवर उभी करून फोन करतात आणि आवाज असा काढतात की वाटावं, घरात कुणी दगावलं. बाकीचे दिवा दिसलाच नाही असं धरून महिनोन्‌महिने गाडी हाकत राहतात. कोल्हापूरला उचगावच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. जन्मभर ब्रेकचंच काम केलं. इंजिनाला हात लावला नाही, पत्र्याचं आणि रंगाचं काम घेतलं नाही. आता गॅरेज पुतण्या चालवतो, मी सकाळी जाऊन खुर्ची टाकून बसतो. पण लाल दिव्याची गाडी आली की तो अजून मलाच हाक मारतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिवा एकच असतो, तो लागायची कारणं मात्र वेगवेगळी. हँडब्रेकचा दांडा एक खाच जरी वर राहिला, तरी त्याच्या मुळाशी असलेलं बटण दिवा लावतं. बॉनेटखाली ब्रेकच्या तेलाची छोटी डबी असते. चाकातले ब्रेकचे पॅड झिजत गेले की तेल खाली उतरतं, कुठं गळत असेल तरी उतरतं. डबीतला तरंगता तुकडा तेलाबरोबर खाली बसला की दिवा लागतो. तेल अगदी काठावर असेल तर गाडी चढाला लागल्यावर किंवा वळणावर कलली की दिवा लागतो आणि सपाटीला विझतो. यातलं काहीच नसलं तर एखादी वायर कुठंतरी घासलेली असते. एवढंच शास्त्र. गॅरेजातल्या पोरांना मी सांगायचो, दिवा खोटं बोलत नाही, आपल्याला त्याचं म्हणणं कळायला वेळ लागतो.

जयसिंगपूरचे एक व्यापारी माझ्याकडं आले होते. गाडी थांबताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. चाक खोलून बघतो तर पॅड संपून नुसता पत्रा उरलेला. मी विचारलं, "शेटजी, दिवा लागला नाही का कधी?" ते म्हणाले, "न्हाय, आमच्या गाडीत दिवाच न्हाय." मी आत वाकून बघितलं. दिव्याच्या जागेवर बायकोची मोठी मरून रंगाची टिकली नीट बसवून चिकटवलेली. म्हणाले, "डोळ्यावर यायची लाली. म्हणून झाकली." त्यांच्याकडं बघून मला हसू येईना आणि रागावताही येईना. तीच गाडी घेऊन ते जोतिबाला जाऊन आले होते, घरची सगळी माणसं बसवून.

असली माणसं बघून मला वाटायचं, आता आपल्याला कशाचा धक्का बसायचा नाही. शाहूवाडीकडच्या संपतनं तो समज काढून टाकला.

संपतचं गाव मलकापूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला. भाताची थोडी शेती, दोन म्हशी आणि सात सीटची एक गाडी. सकाळी वाड्यावस्त्यांवरची पोरं गोळा करून मलकापूरला शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. वय पस्तिशीच्या आतबाहेर, अंगानं धडधाकट, बोलका. येतानाच लांबून "काय मिस्त्री" म्हणून हाक घालणारा. त्याच्याबरोबर त्याचे वडील असायचे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. सत्तरीचे, वाळकेसे, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. संपत जिथं गाडी नेईल तिथं तात्या शेजारच्या सीटवर. मला वाटायचं, म्हाताऱ्याला फिरायची हौस आहे.

पहिल्यांदा आला तेव्हा संपत म्हणाला, "मिस्त्री, गाडी बसतीया."

"बसती म्हणजे?"

"चालता चालता कुणीतरी मागनं धरल्यागत हुतंय. बघतोय तर लाल दिवा लागल्याला. जरा वेळानं विझतोय, गाडी पुन्हा झ्याक पळतीया."

तेल बघितलं तर डबी भरलेली. मागची चाकं उतरवली. मागच्या चाकात ड्रम असतो आणि त्याला आतून धरणारे दोन शू. ते शू जळून काळे पडलेले, ड्रमला निळसर झाक आलेली. हँडब्रेक ओढलेला असताना गाडी पळवली की असं होतं. मी म्हटलं, "हँडब्रेक सोडायचा राहतोय तुझा."

"न्हाय ओ. पोरं असत्यात गाडीत, असला येडेपणा करीन व्हय?"

खरंच बोलत होता, चेहऱ्यावर दिसत होतं. मग मी म्हटलं केबल अडकत असणार. शू नवीन घातले, केबल बदलली. तात्या एका जुन्या टायरवर बसून सगळं बघत होते. निघताना माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी चालवाय नगं, असं काय हाय का?"

मी म्हटलं, "नाही तात्या. ठणठणीत झाली. बिनघोर जावा."

तात्या टोपी सारखी करून गाडीत जाऊन बसले.

पाऊस सरायच्या आत संपत परत आला. तीच तक्रार. या वेळी मी दांड्याखालचं बटण बदललं, वायर मागंपर्यंत तपासली. शू बघितले तर नव्यावरसुद्धा डाग पडायला लागलेले. तात्या म्हणाले, "ठेवूनच घ्या की मिस्त्री गाडी. सावकाशीनं बघा." मी हसलो. म्हटलं, "पोरांनी शाळेला चालत जायचं का मग?" संपतही हसला. तात्या हसले नाहीत.

तिसऱ्यांदा आला तेव्हा माझा मान दुखावला. ब्रेकच्या कामात माझ्याकडं तीच गाडी तिसऱ्यांदा येते म्हणजे काय. गाडी मी स्वतः पन्हाळ्यापर्यंत नेली, चढावर, उतारावर, खड्ड्यातून चालवली. दिवा काही लागला नाही. परत येऊन संपतला म्हटलं, "तुझ्या रस्त्यावर, तुझ्या वेळेला मी तुझ्याबरोबर बसतो. त्याशिवाय हे सापडायचं नाही." तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

ठरल्या दिवशी मी एसटीनं मलकापूरला गेलो. संपतच्या घरी त्याच्या बायकोनं, वैशालीनं, तांदळाची भाकरी आणि वरण्याची आमटी वाढली. दुपारी आम्ही शाळेवर गेलो. पोरं चढली. मी मधल्या रांगेत, पुढच्या दोन सीटच्या मधून समोरचं दिसेल असा वाकून बसलो. माझ्या शेजारी आरोही नावाची दुसरीतली पोरगी, संपतच्या वाडीचीच. तिच्या मांडीवर तिची आणि धाकट्या भावाची अशी दोन दप्तरं. मागं पोरांचा दंगा चाललेला. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पुढच्या दोन सीटच्या मधे टाकला आणि त्याच्याखाली उजवा हात ठेवला. मला वाटलं, म्हातारं माणूस, हात टेकायला जागा करतंय.

माझी नजर दिव्याच्या जागेवर. वाडीकडचा रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं खाली उतरत गेलेली. तात्या संपतशी एकसारखं बोलत होते. म्हशीचं काय, खताचं काय, पाव्हण्याच्या लग्नाला जायचं का. संपत उत्तरं देत होता. मग माझ्याकडं किंचित मान वळवून म्हणाला, "ह्या पुलाच्या अलीकडं लागतोय बगा कधीकधी. परवा तर..."

आणि थांबला. मला वाटलं, समोरून काही येतंय म्हणून थांबला असेल. तेवढ्यात लाल दिवा लागला.

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतके महिने ज्याच्या मागं लागलो होतो तो समोर सापडला होता. मी म्हटलं, "लागला, संपत. आता आहे तसंच चालू ठेव." संपतनं उत्तर दिलं नाही. गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी ओढली जायला लागली. इंजिन मात्र तसंच जोरात फिरत होतं, म्हणजे त्याचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. मी दांड्याकडं बघितलं.

टॉवेल बाजूला सरकला होता. तात्यांनी हँडब्रेक वर ओढून धरला होता, हळूहळू, चाकं एकदम अडकू नयेत असा, सराईत हातानं. आणि पुढं वाकून त्यांचा डावा हात स्टीअरिंगवर होता. गाडी तेच सांभाळत होते.

मी आरशात संपतचा चेहरा बघितला. डोळे उघडे होते. ते समोरच्या रस्त्याकडं लागलेले होते, पण बघत नव्हते. तोंडात काही चघळत असल्यासारखे त्याचे ओठ हलत होते.

मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. माझ्या बाजूच्या खिडकीतून खालची खाचरं दिसत होती. मागं पोरं कसलीतरी कविता म्हणत होती, ती म्हणतच राहिली. आरोहीनं माझ्या बाहीला धरून हलवलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "भ्यायचं नसतं. संपतकाका असं झोपल्यात की तात्या गाडी हळू करत्यात."

पोरांना सवय झाली होती.

गाडी पुलाच्या तोंडाशी जवळजवळ थांबली. संपतनं एक खोल श्वास घेतला, मान झटकली. तात्यांचा डावा हात तोवर मांडीवर परत आला होता. संपतनं आधी दिव्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. म्हणाला, "बघितलं न्हवं? असंच हुतंय बगा. आपोआप बसतीया गाडी." तात्यांनी टॉवेल पुन्हा वर ओढून दांडा खाली सोडला. दिवा विझला.

मी म्हटलं, "संपत, गाडी कडेला घे. इथनं पुढं मी चालवतो. मला चाकाचा आवाज ऐकायचाय."

तो लगेच उतरला, त्याला काही शंका आली नाही. मी स्टीअरिंगवर बसलो. एकेका वस्तीवर पोरं उतरवत गेलो. प्रत्येक दारात कुणाची आई, कुणाची आजी उभी. पोराचा हात धरून हसून नेत होत्या. मी कुणाकडंच बघू शकलो नाही.

संपतच्या दारात आलो. आरोही आणि तिचा भाऊ तिथंच उतरले, त्यांची आई शेतातून यायची होती. वैशालीनं त्यांना शेंगदाण्याचे लाडू दिले आणि ती दोघं सोप्यात बसून खायला लागली. संपत म्हशींना पाणी दाखवायला मागं गेला. मी तात्यांना गाडीच्या पलीकडं घेतलं.

"कधीपासून?" एवढंच मी विचारलं.

तात्या खाली बघत बोलले. "जत्रेला निघालतो, दोघंच. बोलता बोलता गप झाला. गाडी गेली शेतात. नशीब, खाचर कोरडं हुतं. उठला आन् मलाच म्हणला, तात्या, स्टीअरिंगला हात का लावलासा? मी सांगितलं, बाबा, तू असा असा गप झालतास. तर म्हणतोय, तुमचाच डोळा लागलाता, तुमास्नी सपान पडलं. दुसऱ्यांदा सांगितलं तवा म्हणला, वय झालं, भास व्हाय लागल्यात."

"आणि तुम्ही गप्प बसलात. एवढी पोरं गाडीत."

"रोज सांगायचं म्हणून गाडीत बसायचो मिस्त्री. आज पोरांच्या घरी सांगायचंच. मग वाटायचं, लेकाला कोण काय म्हणंल. आन् मी हाय की शेजारी. बोलायचा थांबला की मला कळतंय." मग त्यांनी मान वर केली. "तुमच्याकडं गाडी आणाय मीच लावलं त्येला. म्हटलं, तुम्ही सांगशिला, ही गाडी चालवू नगो. तुमचं ऐकला असता. तुम्ही दर टायमाला चांगली करून दिली."

मला त्यांचा संताप आला होता. पण पहिल्या वेळी निघताना त्यांनी विचारलेला प्रश्न मला आता कळला. तो गाडीविषयी नव्हताच.

संपत हात पुसत आला. मी त्याला उभ्या उभ्या सांगितलं, काहीही न झाकता. त्याचा चेहरा आधी हसरा होता, मग कडक झाला. म्हणाला, "तात्यांनी तुमास्नीबी पटवलं व्हय? मिस्त्री, तुमच्यानं फॉल्ट सापडंना म्हणून माझ्या डोस्क्यात काढाय लागलासा काय?"

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मग मला कसं ठावं न्हाय? मी तर तुमच्यासंगं बोलत हुतो की."

"काय बोलत होतास? परवा तर, म्हणालास. परवा काय झालं? पुढचं वाक्य सांग."

तो आठवायला लागला. वैशाली दारात येऊन उभी राहिली होती. संपतनं तिच्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं आणि मग सोप्यात बसलेल्या आरोहीजवळ जाऊन बसला. आवाज मऊ करून म्हणाला, "आरू, मी गाडीत झोपतोय व्हय गं?"

ती लाडू खात म्हणाली, "डोळे उघडे ठेवून झोपतासा. आमी शाळेत खेळतो तसलं. एकानं संपतकाका व्हायाचं, एकानं तात्या."

संपत तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. वैशालीनं तोंडाला पदर लावला. मग संपतनं खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली आणि माझ्या दिशेनं फरशीवरून सरकवली. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतका घाबरलेला माणूस बघितलेला नाही. अपघातातून उठून आलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांना निदान काय झालं ते माहीत असतं.

रात्री तिथंच राहून दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून मी संपतला आणि तात्यांना कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं आणलं. डॉक्टरांनी संपतला विचारलं, त्याला काहीच सांगता येईना. सगळं तात्यांनी सांगितलं. ओठ कसे हलतात, बोलणं कसं तुटतं, परत आल्यावर पहिला शब्द काय बोलतो. डॉक्टर म्हणाले, ही फिटच आहे, फक्त माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही. ज्याला येते त्याला कळत नाही, बघणाऱ्यालाच कळते. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, गाडी चालवायची नाही असं ठरलं.

गावात ते झाकून राहण्यासारखं नव्हतं आणि संपतनंही झाकलं नाही. प्रत्येकाच्या दारात जाऊन स्वतः सांगून आला. लोकांनी त्याला फारसा बोल लावला नाही. बोल लागला तो तात्यांना. आरोहीचा बाप अंगणात येऊन म्हणाला, "माझी दोन्ही पोरं रोज तुमच्या पाठीमागं बसत हुती तात्या. तुमास्नी ठावं हुतं." तात्या म्हणाले, "तुमचं खरं हाय." येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. हे मला वैशालीनं नंतर सांगितलं.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या म्हाताऱ्यानं रोज ती पोरं वाचवली, असं एकदा वाटतं. त्यानंच ती रोज त्या गाडीत बसवली, असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. कोर्टात उभं केलं तरी मला एक बाजू घेता येणार नाही. चाकातला दोष शोधून तो काढून टाकणं सोपं असतं, असं मी आता पुतण्याला म्हणतो.

पोरांची ने-आण आता दुसरी गाडी करते. संपतनं स्वतःची गाडी विकायला काढली होती, पण वैशालीनं विकू दिली नाही. ती मलकापुरात गाडी शिकली, लायसन काढलं. डेअरीला दूध घालायला, दवाखान्याला, बाजाराला तीच नेते. गेल्या महिन्यात पुढचे पॅड बदलायला ती दोघं माझ्याकडं आली. वैशाली माझ्या पुतण्यापाशी उभी राहून कुठला पॅड किती झिजलाय ते नीट विचारून घेत होती. संपत माझ्याजवळ खुर्चीवर बसला. चहा आला.

मी विचारलं, "बरं आहे का आता?"

"बरं हाय म्हणत्यात," तो म्हणाला.

"म्हणत्यात म्हणजे?"

त्यानं कप खाली ठेवला. "मिस्त्री, तुम्हाला खरं सांगू? मला सवताला आजपतुर काय झाल्याचं ठावंच न्हाय. एक बी आठवत न्हाय. तुम्ही सगळी म्हणताय म्हणून मानायचं. सकाळी उठलं की वाटतंय, मी तर चांगला हाय, ही गोळी कशाला? मग तात्या पाण्याचा तांब्या घेऊन हुबं असत्यात. काय बोलत न्हाईत. मी त्यांच्या तोंडाकडं बघतोय आन् गोळी घेतोय."

पुतण्यानं चाक बसवलं. वैशालीनं गाडी सुरू केली आणि संपत उठून पलीकडच्या दारानं तिच्या शेजारी जाऊन बसला.